नव्या फ्लॅटमध्ये सासऱ्यांची चित्रं कुठं लावू?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. मंगळवार पेठेतलं जुनं घर सोडून तुम्ही फुलेवाडीत नव्या फ्लॅटमध्ये आलात. सोबत सासऱ्यांनी काढलेली जलरंगातली सात छोटी निसर्गचित्रं आहेत, आजेसासऱ्यांचं फेट्यातलं मोठं तैलचित्र आहे, रविवर्मा छापाची एक लक्ष्मी आहे आणि लेकीनं शाळेत काढलेल्या चित्रांचा गठ्ठा आहे. हॉलमध्ये सोफ्यामागं मोठी मोकळी भिंत, तिच्या बरोबर समोर पश्चिमेची बाल्कनी. इंटिरियरवाले म्हणतात, सगळं त्या एकाच भिंतीवर लावा, उठून दिसेल. सासूबाईंना ते पटत नाही, पण का ते त्यांना सांगता येत नाही.

मी गेली तीस वर्षं कोल्हापुरात फ्रेम बांधतो. माझं मत सासूबाईंच्या बाजूनं आहे. सोफ्यामागची ती भिंत कागदावरच्या चित्रांसाठी तुमच्या घरातली सगळ्यात वाईट भिंत आहे. चित्र कुठं शोभेल हे सगळे बघतात. ते कुठं टिकेल, हे आधी बघायला हवं. आपल्याकडं चित्राचे दोन वैरी आहेत, मावळतीचं ऊन आणि पश्चिमेचा पाऊस, आणि तुमच्या हॉलमध्ये दोघांचीही वाट त्याच बाजूनं आहे.

अंबाबाईचा किरणोत्सव आठवा. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि पुन्हा ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून पार गाभाऱ्यात जातात आणि देवीच्या चरणांपासून वर चेहऱ्याकडं चढतात. एवढ्या लांबचं ऊन आत पोचतं, कारण मावळताना सूर्य क्षितिजाला टेकलेला असतो आणि त्या दिवसांत त्याची दिशा मंदिराच्या वाटेशी जुळते. तारखाही अशा दोन गटांत का येतात बघा. डिसेंबरच्या २१-२२ तारखेपर्यंत सूर्य दक्षिणेकडं सरकत जातो आणि मग त्याच वाटेनं परत फिरतो. तुमच्या बाल्कनीतून हेच घडणार आहे, फक्त वर्षभर. हिवाळ्यात ऊन सोफ्याच्या भिंतीच्या उत्तर टोकाला पडेल, एप्रिल-मेमध्ये दक्षिण टोकाला. म्हणजे भिंतीचा एकही भाग त्यातून सुटत नाही. खात्री करायची असेल तर महिन्यातून एकदा संध्याकाळी पाच-साडेपाचला उन्हाच्या पट्ट्याच्या कडेवर पेन्सिलीनं बारीक खूण करा आणि शेजारी तारीख लिहा.

जलरंगाला हे ऊन का सोसत नाही? तैलरंगात रंगाचा कण तेलात बुडालेला असतो, वर व्हार्निश असतं. जलरंगाचा थर इतका पातळ की खालचा कागद त्यातून दिसतो, आणि आपल्याकडच्या निसर्गचित्रांची सगळी मजा त्या पारदर्शकपणातच आहे. त्यातही गुलाबी आणि किरमिजी छटा सगळ्यात आधी उडतात. चित्रकार सावलीचा जांभळा बहुधा निळ्यात किरमिजी मिसळून करतो. त्यातला किरमिजी उडाला की सावल्या नुसत्या निळ्या राहतात आणि संध्याकाळचं चित्र दुपारचं वाटायला लागतं.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. रंकाळ्याच्या संध्याकाळचं एक जलरंग नवी फ्रेम बांधायला माझ्याकडं आलं होतं. आकाश फिकट राखाडी, पाणीही तसंच. घरच्यांना वाटायचं, पावसाळ्यातलं चित्र आहे. मी जुना माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, उचलला तर त्याच्याखाली झाकलेल्या अर्ध्या इंचाच्या पट्टीत लख्ख गुलाबी-केशरी आकाश होतं. वीस-पंचवीस वर्षं ते चित्र खिडकीसमोर होतं. ती पट्टी बघून त्या घरातल्या काकू कितीतरी वेळ काही बोलल्याच नाहीत. उडालेला रंग कुणालाच परत आणता येत नाही, म्हणून हे एवढं लांबवून सांगतोय.

संग्रहालयांत जलरंगांवर साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेडाचं माप) उजेड ठेवायचा प्रघात आहे, तैलचित्रांवर २०० च्या आसपास. थेट उन्हात हाच आकडा कित्येक हजारांत जातो. घरात ५० लक्सच्या अंधारात कुणी राहत नाही आणि राहूही नये, पण थेट ऊन तेवढं टाळायलाच हवं. अतिनील किरणं अडवणारी काच मिळते. परवडत असेल तर जलरंगांना तीच घाला. मात्र तिच्या भरवशावर चित्र उन्हात लावू नका, कारण डोळ्यांना दिसणारा उजेडही रंग खातो. काचेनं ते फक्त लांबतं.

आता तुमची दिवाणाची भिंत. तुम्ही लिहिलंय की ती दक्षिणेची, आतली, पलीकडं बेडरूम, आणि तिथं दिवसभर सासूबाई बसतात. सातपैकी सहा जलरंगांची जागा तीच आहे, सातव्याचं शेवटी सांगतो. उजेड बाजूनं येतो, म्हणून काचेत बाल्कनी दिसणार नाही. मे महिन्यात तिरपं ऊन तिच्या बाल्कनीकडच्या टोकाला लागेल, तेवढं टोक मोकळं सोडा. शिवाय ती आतली भिंत आहे, म्हणजे पावसाचा मार तिला नाही.

पावसाबद्दलही बोलतो, कारण ऊन निदान दिसतं, ओल दिसत नाही. आपला पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. बाहेरच्या पश्चिम आणि नैर्ऋत्य भिंती जून ते सप्टेंबर आतून गार लागतात, आणि फ्रेम अशा भिंतीला चिकटून असली की मागची हवा कोंडते. कागदावर तपकिरी ठिपके पडतात, बुरशी धरते, मग कसर येते. कसर कागदावरची खळ खाते आणि चित्राचा पापुद्रा खरवडल्यासारखा करून जाते. शिवाय तुमची इमारत नवी आहे. नव्या गिलाव्यात पाणी असतं, ते सुकायला काही महिने जातात. म्हणून फार घाई करू नका. हा पावसाळा भिंतींना बघू द्या, कुठं पोपडा येतो, कुठं डाग उमटतो ते कळेल, आणि दसऱ्यानंतर चित्रं लावा. तोवर ती पलंगाखाली किंवा माळ्यावर ठेवू नका. जुन्या सुती चादरीत गुंडाळून, कपाटात उभी ठेवा.

मधल्या काळात एक काम करून घ्या. सगळ्या फ्रेमा मागून उघडा. जुन्या घरातून आल्या आहेत, मातीच्या भिंतींवर पन्नास वर्षं होत्या, म्हणून आत वाळवीची माती किंवा कसर असण्याची शक्यता मोठी आहे. जुन्या फ्रेमांत मागं करड्या पुठ्ठ्याचा तुकडा किंवा पातळ फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. त्या पुठ्ठ्यातलं आम्ल कागदात उतरतं आणि कागद पिवळा, ठिसूळ होतो. फ्रेम बांधणाऱ्याला स्पष्ट सांगा : माउंट आणि मागचा पुठ्ठा आम्लविरहित हवा, चित्र माउंटला सेलोटेपनं चिकटवायचं नाही, लॅमिनेशन अजिबात करायचं नाही. चित्राला फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी पातळ कागदी पट्टी, गव्हाच्या किंवा तांदळाच्या खळीनं. बाकीचं चित्र मोकळं लोंबतं राहिलं पाहिजे, कारण पावसाळ्यात कागद फुगतो आणि उन्हाळ्यात आखडतो. चारही बाजूंनी डकवला तर तो लाटांसारखा होतो.

माउंट नुसता शोभेसाठी नसतो. त्यामुळं चित्र आणि काच यांच्यात फट राहते. २०१९ च्या पुरानंतर शाहूपुरी-लक्ष्मीपुरीकडच्या घरांतून माझ्याकडं फ्रेमा येत राहिल्या, आणि ज्यांत माउंट नव्हता त्यातले फोटो काचेला चिकटून एकजीव झाले होते. (असा फोटो ओला असेल तोवरच अलगद सुटतो. एकदा वाळला की ओढू नका, काचेसकट स्कॅन करून घ्या.) ज्यांच्याकडं पावडर शेडिंगची, म्हणजे कोरड्या पुडीनं काढलेली चित्रं आहेत त्यांनी तर ही फट डोळ्यात तेल घालून सांभाळावी. ती पूड नुसत्या स्पर्शानं पुसली जाते. चित्रकार-अभिनेते चंद्रकांत मांडरे या कामासाठी ओळखले जायचे. राजारामपुरीतल्या त्यांच्या घरातल्या संग्रहालयात एकदा सासूबाईंना घेऊन जा. राहत्या घराच्या खोल्यांत चित्रं कशी दिसतात, हे समजायला मोठ्या दालनापेक्षा ती जागा जास्त उपयोगी आहे.

आता उंची. पुस्तकी नियम असा की चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर यावा. तो उभं राहून बघणाऱ्यांचा हिशेब आहे, प्रदर्शनातला. घरात आपण बसतो. सोफ्यावर बसलेल्या माणसाचा डोळा साधारण ४२ ते ४५ इंचांवर असतो, उभ्या बाईचा ५६ ते ५८ वर. दोघांनाही चालेल असा मध्य ५४-५५ इंचांच्या आसपास पडतो. आपल्या घरांत सर्रास चूक होते ती चित्र फार वर लावण्याची, पडद्याच्या वरच्या लाकडी पट्टीच्या, म्हणजे पेल्मेटच्या रेषेत. मग चित्र बघायला मान वर करावी लागते आणि वर्षभरात त्याच्याकडं बघणंच सुटतं.

तुमची चित्रं साधारण १० बाय ७ इंचांची, आडवी. सगळीकडून अडीच इंच माउंट आणि अर्धा इंच लाकडी पट्टी धरली तर फ्रेम १६ बाय १३ ची होते. तीन-तीनच्या दोन ओळी करा, फ्रेमांमध्ये अडीच इंच अंतर. रुंदी होते ५३ इंच, उंची साडेअठ्ठावीस. तुमचा दिवाण सहा फुटी, म्हणजे ७२ इंच. दिवाणाच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश रुंदी डोळ्याला बरी वाटते, त्यात हे बसतं. लोड-तक्क्याची वरची कड ३२-३३ इंचांवर असेल, तिच्यावर सात इंच सोडून खालची ओळ ४० इंचांवर सुरू करा. मग सगळ्या गटाचा मध्य सव्वाचौपन्नावर येतो, आणि डोकं टेकलं तरी फ्रेमला लागत नाही.

सहाही फ्रेमा एकसारख्या घ्या, साध्या सागवानी, बारीक पट्टीच्या. सोनेरी नक्षी नको. त्या चित्रांत घाटाच्या पायऱ्या, झाडं, पाणी आहे, सगळं हलक्या हातानं केलेलं. जाड फ्रेम त्यांचा आवाज दाबून टाकते. माउंट पांढराशुभ्र नको, किंचित पिवळसर, जुन्या कागदाच्या जवळ जाणारा. शुभ्र माउंटशेजारी जुना कागद मळका वाटतो.

कुठलं चित्र कुठं, हे भिंतीवर ठरवू नका. जमिनीवर सतरंजी घालून मांडा आणि दोन दिवस तशीच राहू द्या. जास्त गडद, जास्त वजनाची चित्रं खालच्या ओळीत, मोकळ्या आकाशाची वरच्या ओळीत. ज्या चित्रात होडी किंवा वाट उजवीकडं जाते ते डावीकडं लावा, म्हणजे नजर गटाच्या आत वळते. मग रद्दी पेपरचे फ्रेमच्या मापाचे तुकडे कापून भिंतीला कागदी चिकटपट्टीनं लावा आणि दिवाणावर बसून बघा. यात अर्धा दिवस जातो, पण भिंतीला चुकीची भोकं पडत नाहीत.

भोकाची जागा अशी काढा : मध्याची उंची, अधिक फ्रेमची अर्धी उंची, वजा मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून जितकी खाली येते ते अंतर. समजा २४ इंच उंचीची एकच फ्रेम आहे, मध्य ५६ वर हवा, तार तीन इंच खाली येते. ५६ अधिक १२ वजा ३, म्हणजे ६५ इंचांवर हूक. तुमच्या दोन ओळींचाही हिशेब असाच, फक्त प्रत्येक ओळीचा मध्य वेगळा धरायचा. सुतळी किंवा नाडी वापरू नका, पावसाळ्यात कुजते. फ्रेमच्या मागं वरून एक-तृतीयांशावर दोन डी रिंगा आणि पितळी तार. मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या किंवा बुचाच्या चकत्या चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळते. नव्या इमारतींत भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात, त्यात ठोकलेला खिळा सैल होतो. ड्रिल मारून प्लास्टिकचा प्लग आणि स्क्रू घाला. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि बाथरूमच्या पाठीमागच्या भिंतीत ड्रिल मारण्याआधी बिल्डरकडून वायर-पाइपचा नकाशा मागून घ्या.

आजेसासऱ्यांचं तैलचित्र त्या गटात घालू नका. व्यक्तिचित्राची नजर आजूबाजूची सहा चित्रं खाऊन टाकते. कोल्हापुरात अशी व्यक्तिचित्रं बऱ्याच जुन्या घरांत आहेत, कारण हे गाव आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांचं. शाहू महाराजांच्या आश्रयामुळं इथं चित्रकारांची परंपराच उभी राहिली आणि पेठांमधली साधी माणसंही घरातल्या कर्त्या पुरुषाचं चित्र काढून घ्यायची. त्याला एकट्याची भिंत द्या. डायनिंगकडं वळताना जी आहे ना, तीच.

जुन्या घरात हे चित्र कसं होतं ते आठवतंय? खाली दोन खिळ्यांवर टेकलेलं आणि वरून दोरीनं पुढं झुकलेलं. लोकांना वाटतं ती जुनी, गावंढळ पद्धत. त्यामागं विचार होता. माणसं खाली जाजमावर बसायची, चित्र वर असायचं, म्हणून ते बसणाऱ्याकडं झुकवलेलं. शिवाय झुकल्यामुळं व्हार्निशवर दाराचा उजेड चमकत नाही आणि पृष्ठभागावर धूळ कमी बसते. तुम्हीही ते किंचित झुकवा, वरच्या बाजूला इंचभर पुरे. समोरच्या ट्यूबलाइटची चकाकी तेवढ्यानं जाते.

तिथीला त्या चित्राला हार घालता, असं तुम्ही लिहिलंय. फुलांचा ओला हार कॅनव्हासवर टेकू देऊ नका, आणि कपाळाला कुंकू-गंध तर रंगावर कधीच नको. त्याचा मान राखायचा तर फ्रेमच्या दोन्ही बाजूंना भिंतीत एकेक छोटा हूक लावा, हार त्यावरून फ्रेमच्या बाहेर खाली सुटेल. किंवा चित्राचा फोटो काढून छोटी प्रत फ्रेम करा आणि पितृपक्षात पाटावर ती मांडा. माझ्या गिऱ्हाइकांतल्या बऱ्याच घरांनी हे स्वीकारलं आहे. आणखी एक, हे चित्र ओल्या फडक्यानं, लिंबानं किंवा कापलेल्या बटाट्यानं पुसू नका. मऊ कोरडा ब्रश, वरून खाली, एवढंच. रंगाचे पापुद्रे सुटलेले दिसले तर तेही करू नका, जाणकार दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा.

लक्ष्मीचं चित्र म्हणजे दगडी छाप्याचा कागद, वर व्हार्निश. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि तिथून असे देव घरोघरी गेले. तुमच्या चित्रावर कुणीतरी जरी-टिकल्या लावल्या आहेत, त्या काढू नका, त्याही आता त्या चित्राचाच भाग आहेत. जुनी काच थोडी लहरी दिसत असली तरी ठेवा, फक्त मागचा पुठ्ठा बदला. देवघराजवळ हवी असेल तर समईच्या आणि उदबत्तीच्या सरळ वर नको. बाजूला दोन फूट. स्वयंपाकघरात तर कुठलंच मूळ चित्र नको, आपल्या फोडण्यांची तेलकट वाफ काचेच्या फटीतूनही आत शिरते.

आणि सोफ्यामागची मोठी भिंत? ती लेकीला द्या. तिची चित्रं बदलती असणार, स्केचपेनचे रंग तसेही काही महिन्यांत उडतात, आणि नवी येत राहतात. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन आडव्या तारा ताणा, लाकडी चिमट्यांनी चित्रं लावा, दर सत्राला बदला. जी फारच आवडतील त्यांचे फोटो काढून मूळ कागद वहीत जपा. गणपतीत मखराच्या मागं ती भिंत लागली तर तारेवरची चित्रं पाच मिनिटांत उतरतात. पाहुणे आल्यावर पहिल्यांदा तिची चित्रं दिसतील, यात मला तरी काही कमीपणा वाटत नाही.

दिव्यांचं थोडक्यात. जलरंगांवर जवळून स्पॉटलाइट नको. छतातून तिरपा पडणारा, पिवळसर, ३००० केल्व्हिनच्या आसपासचा एलईडी घ्या आणि खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त लिहिलंय का ते बघा, नाहीतर हिरवे मेल्यासारखे दिसतात. कुणी बसलेलं नसताना बंद ठेवा.

तीन-तीनच्या दोन ओळींत सहाच चित्रं बसली, सातवं राहिलं. ते सासूबाईंना निवडू द्या आणि त्यांच्या खोलीत पलंगाच्या बाजूला, आडवं झाल्यावर दिसेल इतकं खाली लावा. आणि फ्रेमा उघडलेल्या असतानाच त्यांच्याशेजारी बसून एकेक चित्र कुठलं ते विचारून घ्या. कुठला घाट, कुठली सकाळ, सोबत कोण होतं, घरी आल्यावर काय बोलले. हे त्यांनाच ठाऊक आहे. ते मागच्या नव्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहा, बॉलपेननं नको, चित्राच्या पाठीवर तर नकोच. मगच फ्रेम बंद करायला द्या.